अकरावी सरी

१ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा तेच! सकाळी यांना म्हटलं, तिसऱ्या सरीतले दोन-चार बटाटे उकरून बघा, साल घट्ट झालीय का. दुपारी टोपलीत बघते तर साल नुसत्या बोटाने निघतेय. मग कळलं — यांनी तिसरी सरी धरली ती रस्त्याकडून! तिकडची लागवड आठ दिवस मागची.

आमच्या शेतात मोजणी विहिरीकडून. बाबांची पद्धत. "पाणी जिकडून येतं, तिकडून मोजायचं," म्हणायचे. कामाला येणाऱ्या बायका तशाच मोजतात, शेजारचे तसेच मोजतात, मी तर आकडे शिकले तीच तशी. एकटे हे रस्त्याकडून मोजतात, कारण यांची मोटरसायकल रस्त्यावर उभी असते. चोवीस सऱ्या आणि बावीस वर्षांचा संसार — सुरुवात कुठून करायची यावर अजून एकमत नाही!

बायका खाली बघून हसत होत्या. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "मालकांनी पंप दुरुस्त करावेत, बटाट्यांच्या वाटेला जाऊ नये." हेही हसले. हसले की अजून छान दिसतात.

शिवायच्या खोलीतल्या खिडकीची कडी फार कुरकुरते. जरा वारा आला की सुरू. डोक्यात सुई गेल्यासारखं होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कडी गप्प! यांनी तेल घातलंय. मी एका शब्दाने बोलले नव्हते. कसं कळलं, विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या मनात काही असलं की मला कळतं."

लेक शिकायला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वाटलं होतं, आता भिंतींशी बोलावं लागणार. उलटंच होतंय. हे हल्ली न सांगता ऐकतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहायला हवं.

दुपारी बायका पाणी प्यायला झाडाखाली गेल्या होत्या. मी म्हटलं, एवढा वरंबा संपवते. कुदळ कशाला तरी लागली आणि खण्‌ झालं. दगडाचा आवाज ठप्प येतो, हा वेगळा. हाताने माती काढली. आधी वाटलं, पंपाची कसली तरी कडी — आमच्या घरात लोखंड दिसलं की पंपच आठवतो! पण ती कडी नव्हती. वाकवलेली पट्टी, टाचेच्या मापाची. पट्टीच्या दोन्ही बाजूंवर बारीक वेल, आणि तो वेल कोरलेला नाही — पांढरी तार लोखंडात ठोकून बसवलेली. मी आयुष्यभर भरतकाम केलंय, टाका मला कळतो. हा लोखंडावरचा टाका होता. वेलाच्या टोकाला एक पक्षी, डोळ्याच्या जागी भोक. मागे छोटी मान आणि तिला चांदणीसारखं चाक. आठ टोकं. एक मोडलेलं.

थुंकी लावून अंगठ्याने जरा पुसलं, तर पक्ष्याची मान चमकली.

पिशवीत टाकलं आणि पुन्हा कुदळ धरली. बायका परत आल्या. कोणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

जागा विसरायला नको म्हणून लिहून ठेवते — अकरावी सरी, बांधाकडच्या खुंटीपासून सात पावलं.

यांना सांगितलं नाही. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुकानात एकाला सांगतील आणि उद्या अर्धं गाव फावडी घेऊन बांधावर. पण तेवढंच कारण नाही. खरं सांगायचं तर एखादी गोष्ट फक्त माझी असावी असं वाटलं. सेहेचाळीस वर्षांत अशा दोनच झाल्या — ही वही, आणि आता हे. वही मशीनच्या खणात, मापांच्या कागदांखाली. तिथे कोणी हात घालत नाही, टाचण्या टोचतात. ते मात्र बटणांच्या डब्यात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसातून चार वेळा बटणं लागली आज!

७ फेब्रुवारी, शनिवार

बोरू आली. मीच बोलावलं. शाळेत तिचं अक्षर इतकं सुंदर की बाईंनीच नाव ठेवलं बोरू, आणि मी सारखी काही ना काही टाचत असायचे म्हणून मी सुई. आता ती संग्रहालयात काचेखालच्या पाट्या लिहिते. नाव बदललं नाही. माझंही नाही.

डबा तिच्यापुढे ठेवला. बटणं बाजूला सारता सारता तिचे हातच थांबले.

"सुये... ही तुला कुठे मिळाली?"

"बटाट्यात."

"मस्करी करू नकोस."

"अगं, बटाट्यातच!"

ती म्हणाली, ही आर. स्वाराच्या टाचेला बांधायची. घोड्याला टाच मारतात ती हिने. दोनशे वर्षं तरी जुनी असेल, जास्तच. मी घासली नाही म्हणून तिने माझ्या गालाचा मुका घेतला. "लोक राख लावून चकचकीत करून आणतात आणि वर विचारतात, छान झालंय ना! रडू येतं गं."

मी विचारलं, टोचायच्या वस्तूवर एवढी नक्षी कशाला? ती म्हणाली, "नक्षी स्वारासाठी. घोड्याच्या वाट्याला फक्त टोक."

मग शेतावर नेलं तिला. अकराव्या सरीत, त्याच ठिकाणी, दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. मग म्हणाली की ही जोडीने असते, एका टाचेची सापडली म्हणजे दुसरी कुठेतरी असणार. पण आपण उकरायचं नाही. मोठे साहेब बाहेरगावी गेलेत, महिनाअखेरीला येतील. मग रीतसर अर्ज, मग रीतसर खोदाई — चौकोन आखून, कडा सरळ कापून, थर थर. "तोवर जीभ दाताखाली ठेव. नवऱ्यालासुद्धा नको."

"तूच सांगशील कोणाला तरी."

"मी? पाटी लिहिणारी बाई आहे मी. काचेखाली जाईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही." आणि मग — "पाटीवर तुझं नाव मी लिहिणार. सापडली कोणाला, तर हिला. माझ्या हाताने."

माझं नाव आजवर फक्त पाणीपट्टीवर छापलंय. तेही चुकीचं!

९ फेब्रुवारी, सोमवार

शेवटच्या सरीतले बटाटे निघाले. शेत सपाट झालं. आता सगळी जमीन सारखीच दिसते, फक्त बांधाकडेच्या खुंट्या तेवढ्या ओळीने उभ्या.

कंबर गेली आहे. सगळं आवरायचं बाकी. लेकीला भेटून दोन महिने झाले. आज कोणीतरी माझ्या हातातलं काढून घ्यावं आणि नुसतं "बस गं जरा" म्हणावं, एवढंच वाटतंय. उपाय नको. औषध नको. बस म्हणावं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

यांनी चहा केला. माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाले, "बस गं जरा."

रडलेच मी! हे गोंधळले. रुमाल शोधला, तो सापडेना, मग पंप पुसायची चिंधी दिली — तीही चौकोनी घडी घातलेली. या माणसाचं सगळं काटकोनात. दुकानातले पानेसुद्धा उंचीप्रमाणे.

वाटलं, आत्ता सांगावं आरीचं. ओठांपर्यंत आलं. पण बोरूला शब्द दिला होता. साहेब आले की यांनाच सगळ्यात आधी नेईन संग्रहालयात. काचेपुढे उभं करीन आणि म्हणेन, पाटी वाचा.

१५ फेब्रुवारी, रविवार

उद्या-परवा दोन्ही दिवस शाळेत. नव्या गणवेशांची मापं घ्यायची, एकशे चाळीस मुलं. शेताकडे फिरकणं होणार नाही, बोरूलाही तसं कळवलंय. हे म्हणाले, "जा तू निवांत. शेत कुठे पळून जातंय?"

१८ फेब्रुवारी, बुधवार

शेतात खड्डा आहे.

सकाळी बांधावरून दिसला. कमरेएवढा खोल. चौकोनी. कडा सरळ कापलेल्या, माती एका बाजूला नीट रचलेली. जवळ जायचं धाडस झालं नाही.

चौकोन आखून, कडा सरळ कापून. तिचेच शब्द.

तशीच बसने गेले. संग्रहालय अजून उघडायचं होतं, ती पायऱ्यांवर किल्ल्या घेऊन उभी. मला बघून हसली! म्हणाली, "एवढ्या सकाळी? साहेबांना अजून दहा दिवस आहेत गं बाई."

मी म्हटलं, "साहेबांची गरजच काय उरली? दुसरी मिळाली का तुला?"

"काय दुसरी?"

मग मी काय काय बोलले ते इथे सगळं लिहवत नाही. दोन दिवस मी नाही हे तुला माहीत होतं, म्हटलं. जागा तुझ्याशिवाय जिवंत माणसाला माहीत नाही, म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टींच्या पाट्या लिहिल्यास, आता एकीवर स्वतःचं नाव हवं होतं का, म्हटलं. हे शेवटचं लागलं तिला. दिसलं मला. तरी थांबले नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. किल्ली कुलपात तशीच धरून म्हणाली, "सुये, पंचेचाळीस वर्षांची झाले तेव्हा तू मला पेन दिलं होतंस. त्यानेच पाटी लिहीन मी तुझी. नाव तुझंच लिहीन, काळजी करू नकोस. पण ती बघायला तू येऊ नकोस."

आणि आत गेली.

दुसरी कोणी असती तर? पण ती बोरू! आई गेली तेव्हा माझे केस विंचरले होते तिने. बाहेरच्याने दगड मारला तर माणूस वाकतं, चुकवतं. घरातल्याने मारलेला चुकवायला वाकायचं सुचतच नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. आर, बोरू, खड्डा. हुंदके देत देत. हे ऐकत होते, पाठीवरून हात फिरवत होते. मला वाटलं रागावतील — एवढे दिवस लपवलंस म्हणून. एका शब्दाने नाही. आर दाखव, एवढंही म्हणाले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस! मीच कोतं मन करून तीळ-बीळ लिहिलं त्यांच्याबद्दल.

म्हणाले, "जाऊ दे गं. माणसं बाहेरून कळत नाहीत."

मी म्हटलं, तिला एकदा विचारून बघू का नीट? म्हणाले, "आता कशाला? झालं ते झालं. पुन्हा जाऊन अपमान करून घेऊ नकोस."

एवढं बोलून दुकानात गेले. जेवले नाहीत. माझ्या दुःखाने जेवले नाहीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बोरूचं शिवायला आलेलं कापड होतं माझ्याकडे. तिने निरोप पाठवून मागवून घेतलं. न शिवलेलंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

खड्डा बुजवायला गेले. एकटीच. आधी खुंटीपाशी उभी राहिले आणि सवयीने सऱ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून मोजल्या.

तिथून बोरूच्या घरी गेले. आत दिवा होता. दार उघडलं नाही.

आज लिहीत नाही. हात दुखतोय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज नवल झालं! विश्वास बसत नाही. पाला गोळा करत होते आणि दुसरी आर सापडली. तोच वेल, तोच पक्षी. या पक्ष्याचा डोळा शाबूत आहे — लाल खडा. चाकाची आठही टोकं धड.

घरात ठेवायची भीती वाटली. जिथे मिळाली तिथेच पुन्हा पुरून ठेवली आहे. पाचवी सरी, खुंटीपासून तीन पावलं. कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला आहे कोण? यांनाही नाही. साहेब आले की बघू.

२५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या दिवसभर शाळेत. गणवेश पोचवायचे आहेत. शेवटच्या बसने येईन.

यांनी विचारलं, "दमणार तू. मी येऊ का न्यायला?" मी म्हटलं, नको. तुम्हाला तुमचं काम असेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रस्त्याकडून पाचवी सरी. खुंटीपासून तीन पावलं. माती परत लोटली आहे, पण कडा काटकोनात.

अहो, तिथे काही नव्हतं. दुसरी आर सापडलीच नाही मला. पहिला खड्डा बुजवताना मोजलं तेव्हा कळलं. तो विहिरीकडून चौदाव्या सरीत होता आणि रस्त्याकडून अकराव्या. बोरू खऱ्या जागेवर पाय जुळवून उभी राहिली होती, ती चुकली नसती. नुसतं "अकरावी" असं जगात एकाच ठिकाणी लिहिलं होतं. इथे.

कडीचं तेल इथलं. "बस गं जरा" इथलं. न्हाऊन निघाले होते मी त्यात. दुसरी आर कदाचित माझ्यासाठीच शोधत असाल, तेही खरं असेल. पण मी बोरूला तोडून आले आणि तुम्ही सगळं माहीत असून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. तोंडात तीळ भिजत नाही म्हटलं होतं मी तुम्हाला. केवढा भिजवलात!

ती मला दार उघडत नाही. तुम्हाला उघडेल. ही वही घेऊन जा आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवा.

चष्मा नाही नेलात तरी चालेल. तुम्हाला पाठच असेल.